रोडेलची गाडी

फायनल एक्झिट लागल्यावर रोडेलने खोली रिकामी केली:
राईस कुकर मुरुगेसनला, गादी कुणालाच नको,
आणि ही गाडी मला, साठ रियालला,
टायरच्या खाचांत जुबेलची वाळू तशीच.
माहितीपत्रक चिनी. त्यातले बाण तेवढे ओळखीचे.

वय सत्तेचाळीस. दिवसभर प्लांटवर
कंट्रोल व्हॉल्व्हना शिकवतो:
चार मिलिअँपिअर म्हणजे बंद, वीस म्हणजे सताड उघडा.
म्हटलं, हा तर काडेपेटीएवढा स्पीड कंट्रोलर,
डोक्यावर नखाएवढा पंखा,
याला शिकवायला कितीसा वेळ लागणार.

आधी रिमोट चालू करायचा, मग गाडी.
उलटं केलं तर ती कुणाचंही ऐकून पळत सुटते.
पळाली. अन्सारीची चप्पल घेऊन, कपाटाखाली.

सेटचं बटण दाबून धरायचं, तसंच चालू करायचं,
लाल दिवा लुकलुकला की सोडायचं.
ट्रिगरवरून बोट काढ: हे शून्य. एकदा टीं.
पूर्ण ओढ: याच्यापुढे काही नाही. दोनदा टीं.
पूर्ण ढकल: हा ब्रेक. तीनदा टीं.
याला आधी शून्य दाखवावं लागतं,
मग बाकीचं कळतं.
सुनीती फोनवर विचारते, कसला रे आवाज?
म्हटलं, फ्रीजचा.

तरी चाक फिरेना. नुसतं थरथरत राहिलं,
पहाटे गार पाण्याखाली उभ्या केलेल्या पोरासारखं.
पुन्हा शून्य, पुन्हा पूर्ण, पुन्हा ब्रेक.
बॅटरी मोजली: सात पॉइंट नऊ. ठणठणीत.
पंखा काढला, फुंकला, बसवला.
रिमोटवरचं ट्रिमचं चाक केसभर इकडे, केसभर तिकडे.
तीन रात्री मी दोष शून्यात शोधत होतो.

चौथ्या रात्री मोटरच्या तिन्ही वायर
चिमटीत धरून हलवल्या.
निळी घट्ट. काळी घट्ट.
पिवळीचा डाग वरून गोल गरगरीत,
आत वायरला शिवलेलाच नाही.
मी कल्हईवाल्याचा नातू, आणि हे मला चौथ्या रात्री कळावं!
आजोबा तर आधी भांडं वाजवून बघायचे.
मुरुगेसनने मोबाईलचा उजेड धरला,
मी सोल्डरिंग गन तापवली,
राळेचा वास खोलीभर, आणि पुढच्याच मिनिटाला
चाक असं फिरलं की टेबलावरचं खुबूस उडालं.

शुक्रवारी रात्री अकरा. कॅम्पमागची पार्किंग.
हवा अजून इस्त्रीखालच्या ओल्या कापडासारखी.
गाडी सुटली ती दिव्याच्या तिसऱ्या खांबापर्यंत,
तिथे कडेच्या दगडाला नाक लावून थांबली.
ट्रिगर ढकलला. ब्रेक. पुन्हा ढकलला. ब्रेक.
मागे येईना.
चालत गेलो, उचलून फिरवली, चालत आलो.
असं सात वेळा. आठव्यांदा ती आपणच बंद पडली,
तापली होती; पंखा घों घों करत राहिला,
आणि आम्ही दोघं फुटपाथवर बसून गार व्हायची वाट बघत.

रोडेलला व्हिडिओ पाठवला. दिवसभर एकच टिक.
रात्री उत्तर आलं, मागे कोंबडा आरवत होता:
बॉस, बिघाड नाही, ती रेसची सेटिंग.
रेसमध्ये रिव्हर्स नसतो.
पहिलं कलम, दुसरा पर्याय निवड, येईल मागे.
मग जरा थांबून:
खालची वाळू झाडलीस का?

पर्याय माहीत आहे. बटण अंगठ्याखाली आहे.
दोनदा टीं, इतकंच काम.
आज ती परत तिसऱ्या खांबाशी अडली आहे,
मी चालत निघालोय, घाम चष्म्यावर,
आणि भिंतीवरून मुरुगेसन ओरडतोय,
भात झाला, भात झाला,
रोडेलचा कुकर खटकन वर आलाय.